औषधही कळकते!



माझी आजी चौथीपुढे शिकली नव्हती. पण तिच्या स्वयंपाकघरात एक नियम कधी मोडला गेला नाही. ताक, चिंचेचे सार, कोकमाचे आगळ पितळेच्या भांड्यात ठेवायचे नाही. ठेवायचेच तर कल्हई ताजी हवी. लोणचे नेहमी चिनी मातीच्या बरणीत. कोणी घाईत ताक पितळेच्या पातेल्यात ओतलेच तर ती ओरडायची, "अरे, कळकेल ना ते!" भांड्यामुळे पदार्थ बिघडतो, यासाठी आपल्या भाषेत एक स्वतंत्र क्रियापदच आहे, यातच सगळे आले.

त्याच आजीचा मुलगा, म्हणजे माझे बाबा, दोन वर्षांपूर्वी व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे अल-खोबरला आले. त्यांना काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब आटोक्यात ठेवण्यासाठी रोज रात्री लॅटॅनोप्रॉस्टचा एक थेंब घालावा लागतो. इथे औषध महाग पडेल म्हणून आम्ही सांगलीहूनच सहा महिन्यांच्या बाटल्या मागवून घेतल्या. तिथल्या केमिस्टने त्या फ्रिजमधून काढून दिल्या होत्या, हे आमच्या लक्षातच आले नाही. त्या बॅगेतून आल्या आणि थेट खिडकीजवळच्या कपाटात गेल्या. शिवाय मूळ बाटली कडक. बाबांच्या संधिवाताच्या बोटांनी ती दाबली जाईना. मग त्यांनी एक युक्ती केली. दुसऱ्या कुठल्यातरी थेंबांची जुनी मऊ बाटली गरम पाण्याने स्वच्छ धुतली आणि औषध तिच्यात भरले. आम्ही त्यांच्या हुशारीचे कौतुकही केले.

तीन महिन्यांनी तपासणीत दाब १६ वरून २५ वर गेलेला. डॉक्टरांनी विचारले, "थेंब चुकवता का?" बाबा कसले चुकवतात! मग त्यांनी बाटली पाहायला मागितली आणि ती हातात घेऊन थोडा वेळ गप्पच बसले. नवीन बाटली, फ्रिज आणि नीट पद्धत सुरू झाल्यावर दाब पुन्हा १७ वर आला. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, असे डॉक्टर स्वतःच म्हणाले. पण घरी येताना बाबा गाडीत एकच वाक्य बोलले, "आई असती तर म्हणाली असती, कळकले रे ते."

मी डॉक्टर नाही. पदवी केमिकल इंजिनिअरिंगची आणि पोटापाण्याचा धंदा सॉफ्टवेअरचा. पण त्या प्रसंगानंतर जुनी पुस्तके बाहेर काढली, थोडे वाचन केले आणि माझे एक ठाम मत झाले. ते आज आपल्यापुढे मांडतो. बाटली ही औषधाची पिशवी नव्हे. बाटली हा औषधाचाच एक भाग आहे. ती बदलली किंवा तापली की आतले औषध लेबलावर लिहिलेले औषध राहीलच असे नाही. आणि आपण आखातातली मराठी कुटुंबे नेमक्या याच दोन चुका सर्रास करतो.

बाटली देते, घेते आणि वाट सोडते

द्रव औषध आणि बाटली यांच्यात तीन प्रकारचे व्यवहार चालतात.

पहिला, बाटली औषधाला काहीतरी देते. काच म्हणजे निर्जीव, निरुपद्रवी, असा आपला समज. आपल्या महाराष्ट्रात काचेचा इतिहासही मोठा. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ सालचा, आणि कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर घरोघरी होता. पण साध्या काचेत सोडा असतो. पाणी बराच काळ तिच्या सहवासात राहिले तर थोडा सोडियम पाण्यात उतरतो आणि पाणी किंचित अल्कधर्मी होते. प्यायच्या पाण्याला त्याने फरक पडत नाही, पण नाजूक इंजेक्शनला पडतो. म्हणून बहुतेक इंजेक्शने बोरोसिलिकेट काचेत भरतात. ही काच जर्मनीतल्या येना गावी ऑटो शॉट यांनी १८८० च्या दशकापासून विकसित केली. तरीही काच कधीकधी आतून सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपात सुटते. २०१० साली अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांना देतात त्या एरिथ्रोपोएटिन इंजेक्शनच्या काही बॅचेस याच कारणासाठी परत मागवाव्या लागल्या.

याच औषधाची दुसरी हकिकत अधिक गंभीर आहे. १९९८ साली युरोपात विकल्या जाणाऱ्या त्याच्या एका प्रकारात मानवी अल्ब्युमिन काढून त्याऐवजी पॉलिसॉर्बेट ८० हा साबणासारखा पदार्थ घातला गेला. पुढच्या चार-पाच वर्षांत जगभरात शंभराहून अधिक रुग्णांच्या शरीराने रक्तातल्या तांबड्या पेशी बनवणेच थांबवले. औषधाविरुद्ध तयार झालेल्या प्रतिपिंडांनी शरीराचे स्वतःचे एरिथ्रोपोएटिनही निकामी केले होते. सिरिंजच्या रबरी बुचातून काही द्रव्ये या नव्या घटकामुळे औषधात उतरली, हे त्याचे एक प्रमुख स्पष्टीकरण पुढे आले. सगळ्या तज्ज्ञांना ते मान्य नाही. साठवण आणि इंजेक्शन देण्याची पद्धत यांकडेही बोट दाखवले गेले. पण बुचावर टेफ्लॉनचा थर आला, इतर काळजीही वाढली आणि रुग्णांची संख्या झपाट्याने घटली. औषध तेच, गुण तोच, एक घटक आणि एक बूच यांचे जमले नाही!

दुसरा व्यवहार, बाटली औषधातून काहीतरी घेते. हृदयरोग्याला शिरेतून नायट्रोग्लिसरीन देतात तेव्हा साध्या पीव्हीसीची नळी वापरली तर त्यातले ४० ते ८० टक्के औषध नळीच शोषून घेते. रुग्णापर्यंत पोचते ते उरलेले. म्हणून त्यासाठी वेगळ्या प्लॅस्टिकच्या नळ्या वापरतात. इन्शुलिनही काचेला आणि प्लॅस्टिकला चिकटते; शिरेतून द्यायचे असेल तर नर्स आधी नळीतून थोडे इन्शुलिन वाहू देतात, ते यासाठीच. इन्शुलिनमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून फेनॉल किंवा क्रेसॉल घातलेले असते. ते सिरिंजच्या प्लॅस्टिकमध्ये आणि रबरात मुरते. "सोयीसाठी आठवड्याच्या सिरिंजा भरून ठेवते" असे सांगणाऱ्या एक वहिनी आपल्यातच आहेत, त्यांनी कृपया आपल्या डॉक्टरांशी बोलावे. आणि बाबांचे लॅटॅनोप्रॉस्ट? ते पॉलिएथिलीनला चिकटणारे आणि उजेडात, उष्णतेत तुटणारे. त्याची मूळ बाटली कोणत्या प्लॅस्टिकची असावी, याचा कंपनीने हिशेब केलेला असतो. आमच्या धुतलेल्या बाटलीचा हिशेब कोणी केला होता?

तिसरा व्यवहार, बाटली वाट सोडते. प्लॅस्टिक डोळ्यांना बंद दिसते, पण त्यातून बाष्प, प्राणवायू आणि सुगंधी तेले हळूहळू ये-जा करतात. अमृतांजनची ती छोटी काचेची बाटली आठवते? कापूर, मेंथॉल, निलगिरी ही मंडळी पातळ प्लॅस्टिकमधून निसटणारी, तिथे काचच हवी. उजेडाचेही तसेच. 'बी' जीवनसत्त्वातले रायबोफ्लेविन प्रकाशात तुटते, म्हणून ती औषधे तपकिरी बाटलीत. तो रंग शोभेचा नसून कल्हईसारखा कामाचा असतो. आणि मुलांचे अँटिबायोटिकचे ड्राय सिरप पावडर म्हणूनच का येते? पाणी घातल्यावर ते थोडेच दिवस टिकते म्हणून. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचे सिरप कालवल्यावर फ्रिजमध्ये ठेवूनही सात दिवसांत संपवायचे असते. उरलेले 'पुढच्या तापाला' ठेवून उपयोग नाही.

मुदत ही मुदत ठेवीसारखी असते

आता उन्हाकडे वळू. बाटलीवरची एक्सपायरी डेट म्हणजे कंपनीने दिलेले वचन आहे, पण त्याला अटी आहेत: त्याच बाटलीत, झाकण बंद, लिहिलेल्या तापमानाला. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक लंगडी सबब नेहमी ऐकू येते, "माझ्या मशीनवर तर चालत होते!" औषधाचेही तसेच आहे. कंपनीच्या कपाटात ते दोन वर्षे टिकले म्हणून आपल्या गाडीत टिकेलच असे नाही.

रसायनशास्त्राचा एक ढोबळ नियम आहे. तापमान दर १० अंशांनी वाढले की विघटनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. '३० अंशांखाली ठेवा' असे लिहिलेले औषध ६० अंशांना गेले तर वेग ८ ते २७ पट. जुलैत बाहेर ४५ अंश असताना उन्हात उभ्या बंद गाडीत ६० अंश सहज होतात. म्हणजे तिथे काढलेले २४ तास हे घरातल्या ८ ते २७ दिवसांच्या बरोबरीचे. प्रत्येक औषधाचा हिशेब वेगळा, पण दिशा हीच. हे पान आरोग्याचे तसेच अर्थकारणाचेही आहे, म्हणून त्या भाषेत सांगतो. एक्सपायरी ही मुदत ठेव समजा. ऊन लागले की ती मुदतीआधीच मोडत जाते, आणि पासबुकावर मात्र जुनीच रक्कम छापलेली राहते.

उष्णता बाटलीलाही बोलते करते. पाण्याच्या आणि अनेक सिरपच्या बाटल्या पेट प्लॅस्टिकच्या असतात. ते बनवताना बहुधा अँटिमनी या धातूचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरतात, आणि त्याचा अंश बाटलीत राहतो. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये, म्हणजे आपल्यासारख्याच वाळवंटात, संशोधकांनी पाण्याच्या बाटल्या तापवून पाहिल्या. त्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ६ मायक्रोग्रॅम अँटिमनी. ती ओलांडायला ६० अंशांना १७६ दिवस लागले, ७० अंशांना १२ दिवस आणि ८५ अंशांना दीड दिवसाहूनही कमी. घाबरू नका, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २० मायक्रोग्रॅम आहे आणि आपली गाडी ८५ अंशांना जात नाही. पण आकड्यांची चढण पाहा. साध्या तापमानाला शांत बसणारी बाटली उन्हात कशी बोलू लागते!

मग प्लॅस्टिक वाईट का?

नाही. असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चूक ठरेल. आपल्यापासून तासाभरावर जुबैलला जगाला पुरवले जाणारे पॉलिएथिलीन बनते. आपल्यापैकी कित्येकांचा पगार त्यातूनच येतो. म्हणून मी प्लॅस्टिकची बाजू घेतो असे नव्हे. रक्तपेढीच्या पीव्हीसी पिशवीतले डीईएचपी हे मऊपणा आणणारे द्रव्य रक्तात उतरते, तेव्हा ते तांबड्या पेशींना जास्त दिवस टिकवते, हेही खरे. आणि त्याच द्रव्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००२ साली नवजात मुलग्यांसाठी सावधगिरीचा इशारा दिला, हेही खरे. वस्तू एकच; प्रश्न असतो तो कोणासाठी, किती आणि कशासोबत.

भारतातही हा वाद झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मुले, वृद्ध आणि गर्भधारणेच्या वयातील स्त्रिया यांच्या द्रव औषधांना पेट बाटल्यांची बंदी घालणारा मसुदा काढला. कोलकात्याच्या सरकारी संस्थेच्या तपासणीत पेट बाटल्यांतल्या काही औषधांत जड धातूंचे अंश आढळले. तर जैवतंत्रज्ञान विभागाचे माजी सचिव डॉ. एम. के. भान यांच्या समितीने २०१६ साली अपायाचा निर्णायक पुरावा नसल्याचे म्हटले. बंदी अमलात आली नाही. माझ्या मते या वादात एक प्रश्न मागे पडला. बाटली कारखान्यातून निघाल्यावर ट्रकमध्ये, दुकानात आणि घरात किती तापते? तो प्रश्न दिल्लीपेक्षा दम्मामला जास्त लागू आहे.

एक घोटाळा मात्र होऊ देऊ नका. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोग नेमला गेला. २०२५ साली छिंदवाड्याची लहान मुले खोकल्याच्या औषधाने गेली, त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार झाले होते. तो दोष बाटलीचा नव्हता. तिथे डायएथिलीन ग्लायकॉल हे विष औषधातच होते. अशा औषधाला कोणतीही बाटली वाचवू शकत नाही. आपण बोलतो आहोत ते चांगल्या औषधाबद्दल, जे आपल्या हातून बिघडते.

"पण इथे औषधे परवडत नाहीत हो!"

हा आक्षेप मला मान्य आहे. खासगी नोकरीत आपल्याला आणि कुटुंबाला आरोग्य विमा कायद्याने मिळतो. पण व्हिजिटवर आलेल्या आई-वडिलांचा विमा मुख्यतः तातडीच्या उपचारांसाठी. बीपी, मधुमेह, काचबिंदू हे रोजचे पाहुणे त्यात बसत नाहीत. म्हणून "कोणी येतंय का इंडियाहून?" हा आपला परवलीचा प्रश्न. येणाऱ्याच्या बॅगेत एक तरी पुडी औषधांची असतेच. त्यात प्रेम आहे, काटकसरही आहे, आणि मी तिला हसत नाही. आम्हीही तेच केले.

पण हिशेब पूर्ण करू या. सहा महिन्यांच्या थेंबांत आमचे काही शे रियाल वाचले. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. तिची किंमत कोणत्या रकान्यात लिहू? आणि औषध बिघडल्याचे बहुतेक वेळा ना वासावरून कळते ना रंगावरून. ताक कळकले तर जिभेला लगेच समजते. डोळ्याला आणि रक्ताला ते तीन महिन्यांनी समजते.

तेव्हा माझ्या घरात आता हे नियम आहेत, पटले तर आपणही करून पाहा.

औषध मूळ बाटलीतूनच घ्यायचे. प्रवासासाठी छोट्या बाटलीत ओतायचे नाही. डॉक्टरांची चिठ्ठी असेल तर विमानात १०० मिलीची मर्यादा औषधाला सहसा आड येत नाही. लेबल नसलेली बाटली इथल्या कस्टम्ससमोर तर आपणहून ओढवलेले संकट. कोडीनयुक्त खोकल्याची औषधे इथे नियंत्रित आहेत, आणि आपल्या आसव-अरिष्टांत आंबण्याने तयार झालेला मद्यार्क असतो, म्हणून ती आणूच नयेत.

बाटली दाबता येत नसेल तर बाटली बदलायची नाही. केमिस्टकडे थेंब घालण्याचे साधे उपकरण मिळते का ते विचारायचे. बाबांना ते मिळाले, स्वस्तात.

भारतातून आणायचेच तर दोन महिन्यांपुरते, आणि शक्यतो थंडीच्या दिवसांत. डॉक्टरांना विचारायचे, "याची गोळी मिळेल का?" पाकिटबंद गोळी द्रवापेक्षा बहुधा काटक असते. फ्रिजचे औषध थंड पिशवीत, हातातल्या बॅगेत. पण बर्फाला चिकटून नाही, कारण गोठलेले इन्शुलिन वायाच जाते. लॅटॅनोप्रॉस्टच्या मूळ ब्रँडच्या माहितीपत्रकात प्रवासात ४० अंशांपर्यंत जास्तीत जास्त आठ दिवस आणि उघडल्यावर २५ अंशांपर्यंत सहा आठवडे, अशी स्पष्ट मुभा दिली आहे. ते बारीक अक्षरातले पत्रक एकदा वाचण्यासारखे असते. उघडल्याची तारीख मी पेनाने बाटलीवरच लिहितो.

आणि सर्वांत महत्त्वाचे, उन्हाळ्याची सुट्टी. आपण दोन महिने गावी जातो, एसी बंद, घर बंद. न्हाणीघरातल्या कपाटात सिरप, थेंब, मलमे भाजत राहतात. परत आल्यावर मुलाला रात्री ताप येतो आणि आपण तीच बाटली काढतो! जाण्यापूर्वी औषधे शेजाऱ्याकडे ठेवा, नाहीतर आल्यावर टाकून द्या.

मात्र हे वाचून कोणी चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका. शंका आली तर बाटली घेऊन फार्मासिस्टकडे जा.

आपल्या मंडळालाही एक सूचना. गणपतीत आपण रक्तदाबाची तपासणी ठेवतो, तशीच या वर्षी एक 'बाटली तपासणी' ठेवू या. आपल्या सभासदांत फार्मासिस्ट आहेत, डॉक्टर आहेत. प्रत्येकाने घरातली द्रव औषधे एका पिशवीत घेऊन यावे आणि ती कुठे, कशी ठेवली होती ते खरे सांगावे. पिशवीतले अर्धे औषध टाकावे लागले तरी कोणी लाजायचे नाही. पहिली पिशवी माझी असेल.

आजीकडे ना प्रयोगशाळा होती ना थर्मामीटर. तिला एवढेच ठाऊक होते की पदार्थ आणि भांडे यांचे एकमेकांशी बोलणे चालू असते. आपण इंजिनिअर झालो, समुद्र ओलांडून आलो आणि नेमके तेवढेच विसरलो. बाबांची दृष्टी वाचली, हे आमचे नशीब. तुम्ही ते नशिबावर सोडू नका.

आपले अनुभव आणि मतभेद जरूर कळवा.